एका खुर्चीचं घर

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला कवळ्यांच्या लॅबच्या मालकांनी त्याच्या घरी फोन केला, आणि ताई कधी गेल्या, आजारी होत्या का, असं अगदी हळू आवाजात विचारलं. फोन ताईनंच उचलला होता. पस्तीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढून ती गेल्याच वर्षी निवृत्त झाली होती. फोनवर दचकणं वगैरे तिच्या अंगातून केव्हाच गेलं होतं. आपण ज्यांची चौकशी करताय त्याच बोलताहेत, असं तिनं सांगितलं. पलीकडे कुणी बोलेना, तेव्हा काही निरोप आहे का, असंही विचारलं, आणि मग फोन ठेवून ती गॅसवरच्या दुधाकडे गेली.

त्या वेळी तो मालकांच्या खोलीपासून दहा पावलांवर आपल्या टेबलाशी बसून कुणा एका म्हाताऱ्याच्या खालच्या जबड्यावर मेणात दात बसवत होता. एकोणीस वर्षं तो हेच करत आला होता. डेंटिस्टांकडून प्लास्टरचे जबडे यायचे, सोबत चिठ्ठी यायची, चिठ्ठीवर दातांच्या छटेचा नंबर असायचा. माणूस कधी यायचा नाही. जबड्याच्या उतरणीवरून त्याला कळायचं की हा माणूस एकाच बाजूनं चावत आलाय, ही बाई झोपेत दात खाते. त्यांना काय आवडतं, ती कुणावर ओरडतात, हे मात्र कळायचं नाही, आणि त्याचं त्याला काही वाटायचंही नाही. मालक बाहेर आले ते हातात कागद घेऊन. चेहरा असा, की रागवावं की पोटाशी धरावं हेच त्यांना ठरवता येत नव्हतं. दरवर्षी लॅबमधल्या सगळ्यांकडून भरून घ्यायचा तो फॉर्म होता. अपघात झाल्यास कोणाला कळवावे, या प्रश्नासमोर एकोणीस वर्षं ताईचं नाव असायचं. या वर्षी तिथे त्याच्याच नीटस अक्षरात लिहिलं होतं, ‘कोणी नाही. एकटा राहतो.’ मालकांना वाटलं, हा मुखदुर्बळ माणूस, बहीण गेली तरी अर्धा दिवस रजासुद्धा मागितली नाही यानं. घरी कुणी जमले असतील तर त्यांच्याकडून तरी नीट कळेल. चुकून लिहिलं गेलं, असं तो म्हणाला. अख्खी बहीण चुकून कशी काय राहून जाते, हे मालकांनी विचारलं नाही, पण त्यांच्या भुवया विचारत राहिल्या. त्यानं तो मजकूर खोडून ताईचं नाव घातलं, नंबर घातला. नंतर बसवलेले दोन दात त्याला पुन्हा काढावे लागले.

लिहिल्याचं त्याला आठवत होतं का? आठवतही होतं, आणि नव्हतंही. सोमवारी फॉर्म आला तेव्हा डोक्यात शनिवार अजून रेंगाळत होता. शनिवारी दुपारी तो स्पॅनिश शिकायला जायचा. वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी हे खूळ कुठून आलं, असं लॅबमध्ये सगळ्यांनी विचारून झालं होतं, आणि त्याला उत्तर देता आलं नव्हतं, कारण ते खुळाहूनही जरा वेडगळ होतं. एका थंडीच्या दुपारी कवळ्यांचा डबा पोचवायला जाताना फर्निचरच्या एका दुकानाच्या काचेतून त्याला आत सात-आठ मोठी माणसं दिसली होती. विक्रीच्या आरामखुर्च्यांत ती पाय पसरून, डोळे मिटून पडली होती. खुर्च्यांना किमतीच्या चिठ्ठ्या तशाच लटकत होत्या. बारीक आवाजात व्हायोलिन लागलं होतं आणि एक बाई पुस्तकातून त्यांना काहीतरी वाचून दाखवत होती. त्याला आधी वाटलं, हा कसलातरी उपचार असेल. मग वाटलं, आपल्याला कुणी असं वाचून दाखवून किती वर्षं झाली. तो डबा काखेत धरून उभाच राहिला, इतका वेळ, की डबा कुठे आहे म्हणून डेंटिस्टचा लॅबला फोन गेला. पुढच्या शनिवारी नवा वर्ग सुरू होणार होता, तो आत गेला आणि एका खुर्चीत बसला. भाषा कुठली, हे त्याला बसल्यावर कळलं. ताईला त्यानं सांगितलं की परदेशातून ऑर्डरी येणार आहेत, मालकांनीच शिकायला सांगितलंय. ताई ‘बरं’ म्हणाली.

त्या बाईंची शिकवायची रीत वेगळी होती. मोठ्या माणसाला नवी भाषा येत नाही ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मोडकंतोडकं बोलायची त्याला लाज वाटते, कारण त्याची प्रतिष्ठा शेजारीच बसलेली असते. तेव्हा तिला दाराबाहेर ठेवून या. इथे प्रत्येकानं नवं आयुष्य घ्यायचं, नवा धंदा, नवं घर, नवी माणसं, आणि वर्ग संपेपर्यंत नऊ महिने तेच चालवायचं. बाहेर तुम्ही कोण आहात ते इथे कुणी विचारणार नाही. विमा विकणारा एक गृहस्थ लगेच मेंढपाळ झाला. चष्म्याच्या दुकानातली जाडजूड बाई सर्कशीत झोके घेणारी झाली आणि लाजेनं लाल झाली. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं काचेबाहेर पाहिलं. वर ढग होते. आपण हवामान खात्यात आहोत, असं तो म्हणाला. एका डोंगराच्या माथ्यावर राहतो, आणि दिवसातून तीनदा वारा मोजून वहीत लिहितो. कुणाबरोबर राहता, असं बाईंनी विचारलं. तो थांबला. सगळी त्याच्याकडे बघत थांबली. ‘बीवो सोलो,’ तो म्हणाला. एकटा राहतो. दोनच शब्द, पण तोंडातून निघताना त्यांनी छातीतली एक खिडकी उघडल्यासारखं केलं, आणि ती उघडी राहिली.

मग ते घर वाढत गेलं. ज्या शनिवारी घरातल्या वस्तूंचे शब्द झाले, त्या शनिवारी त्याच्या डोंगरावर एक टेबल आलं, एक दिवा आला, एक कप आला. खुर्च्या किती, असं मेंढपाळानं विचारलं. ऊना, एक. रंगांच्या शनिवारी दार निळं झालं. प्राण्यांच्या शनिवारी बकरी आली, आणि तिचा स्वभाव तापट आहे हे सांगायला त्याला चांगली पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत कुणी चुळबुळ केली नाही. हेच तर होतं सगळं. त्या वर्गात त्याचं वाक्य संपायची लोक वाट बघायचे. तो शब्द शोधत खोल उतरायचा, हाताला भलताच लागायचा, तो परत टाकून दुसरा शोधायचा, आणि वर येईपर्यंत आठ माणसं शांतपणे काठावर बसून असायची. घरी असं कधी झालं नव्हतं. घरी त्याचं वाक्य ताई पुरं करायची. तो ‘आज जरा’ म्हणाला की ती ‘उशीर होईल’ म्हणायची, आणि खरोखर उशीरच होणार असायचा. तिचं चुकायचं नाही, हीच अडचण होती. डॉक्टरांकडे गेलं की कुठे दुखतं ते ताई सांगायची. एकदा त्याला एक स्थळ आलं होतं, तेव्हा आपल्याला मुलगी पसंत नाही हेसुद्धा त्याला ताईच्या तोंडून कळलं, आणि नीट विचार केल्यावर ती खरंच पसंत नव्हती.

आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा तो दहावीत होता आणि ताई पंचविशीची. तिनं त्याला वाढवला, शिकवला, कवळ्यांच्या कामाला लावला, त्याचा टॉवेल तेहतीस वर्षं त्याच एका खुंटीला लावला. त्याला तिच्याविषयी काय वाटायचं ते सांगायचं तर माया हाच शब्द होता, दुसरा नव्हता. रस्त्यात ती दोन पावलं पुढे दिसली तरी त्याला बरं वाटायचं. आणि तरीही डोंगरावर ती नव्हती. त्यानं तिला काढून टाकलं नव्हतं. तिला तिथे कधी आणलंच नव्हतं. शनिवारी संध्याकाळी तो घरी यायचा तो निम्मा डोंगरावर राहून, आणि ताईनं वाढलेलं जेवताना कानात बारीक वारा वाहायचा. बाईंचा नियम होता की धडा झोपण्यापूर्वी एकदा आणि सकाळी डोळे उघडल्याबरोबर एकदा मोठ्यानं वाचायचा, मग तो आपोआप आत झिरपतो. त्याच्या आणि ताईच्या खोलीत प्लायवूडची भिंत होती. तो रोज सकाळी पडल्या पडल्या वाचायचा, की मी एकटा राहतो, माझ्या घरात एक खुर्ची आहे, सकाळी वारा उत्तरेकडून येतो. पलीकडे ताईच्या बांगड्या वाजायच्या, कूस बदलताना पलंग वाजायचा. कळत तर तिला काही नाही, असं तो धरूनच चालला होता. असल्या गोष्टी माणूस किती सहज धरून चालतो.

मंगळवारी तो घरी आला तेव्हा ताईनं चहा टाकला. कप समोर ठेवत ती म्हणाली, ‘आज मी वारले म्हणे.’ तो काहीतरी बोलायला गेला. चूक, फॉर्म, गडबड, अशी तीन-चार वाक्यं त्यानं वाटेत जुळवून ठेवली होती. यातलं कुठलंही एक ताईनं पुरं केलं असतं तर तो सुटला असता. पण ताई पुढे काही बोललीच नाही. मालकांचा आवाज मात्र चांगला आहे, बोर्डावर शोभला असता, एवढंच म्हणाली, आणि दूधवाल्याविषयी बोलू लागली. तिनं विचारलं नाही, त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. न विचारणं तिला नवीन नव्हतं. लहानपणी तो शाळेतून सुटला की इस्पितळाच्या तळघरातल्या त्या बोर्डाच्या खोलीत जाऊन बसायचा. कानाला लावलेलं यंत्र, समोर भोकांची भिंत, ताईच्या हातात वायरींचा गुंता. एक क्षण थांबा, जोडून देते. वरच्या सात मजल्यांवर माणसं जन्मायची, मरायची, आणि ते सगळं आधी ताईच्या कानावरून जायचं. बाहेर पडल्यावर तो विचारायचा, काय काय झालं आज. ‘गर्दी होती,’ ती म्हणायची. ऐकलेलं तिथेच ठेवून यायचं, हा तिच्या कामाचा पहिला धडा होता. आता त्याला वाटायला लागलं की घरातही कुठेतरी एक बोर्ड आहे आणि आपली तार त्यावर केव्हाची खोचलेली आहे. त्या आठवड्यात सकाळचं वाचन त्यानं ओठ मिटून केलं. तिसऱ्या सकाळी भिंतीपलीकडून ताईनं विचारलं, ‘घसा बसलाय का रे?’ त्यानं हो म्हटलं. रात्री उशाशी मिठाच्या गुळण्यांचं पाणी होतं.

शुक्रवारी पोस्टानं कार्ड आलं. उद्याचा वर्ग शेवटचा. प्रत्येकानं घरचं एक माणूस आणावं. पाहुण्यांचं स्वागत आपापल्या नव्या घरात स्पॅनिशमध्ये होईल. बाईंनी हे सगळ्यांच्या घरी परस्पर पाठवलं होतं, विद्यार्थी लपवतात हे त्यांना ठाऊक असणार. तो आला तेव्हा कार्ड साखरेच्या डब्याला टेकवून उभं होतं. ‘तुला तिथे,’ त्यानं सुरुवात केली, ‘कंटाळा येईल,’ असं ताईनं संपवलं, ‘नाही येणार.’ रात्रभर त्याला डोंगर दिसत राहिला. निळ्या दारासमोर ताई हातात पर्स घेऊन उभी होती, आणि तो आतून कडी शोधत होता, शोधत होता, पण ती लावायची की काढायची हेच त्याला आठवत नव्हतं.

शनिवारी ताई ठेवणीतले कपडे घालून आली. आरामखुर्च्यांचा गोल नेहमीपेक्षा मोठा होता. पाहुणे चिठ्ठ्यांवरच्या किमती चोरून वाचत होते. बाई एकेकाकडे जाऊन अगदी सावकाश, हातवारे करून विचारत, आपण कोण. मेंढपाळाची बायको हसत सुटली आणि नवऱ्याच्या दंडावर थापट्या मारत राहिली. सर्कशीतल्या बाईंच्या दोन मुलांनी आईकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू ती पहिल्यांदाच खरोखर झोक्यावर असावी. तो आपल्या बुटांकडे बघत होता. बहीण हा शब्द तिसऱ्याच धड्यात होता. ताईला काही कळलं नाही तर ती आपल्या भाषेत सांगेल, मी याची बहीण, आणि नऊ महिने बकरीपर्यंत ज्यांना सगळं ठाऊक झालं ती आठही माणसं वळून त्याच्याकडे बघतील. घर जाईल. किंवा तो स्वतःच उठून सांगेल की ही कुणी नाही. यातलं दुसरं आपण करू शकतो, एकदा लिहून केलंसुद्धा आहे, हे त्याला आठवलं.

बाई ताईसमोर थांबल्या. आपण कोण? ताईनं पर्स मांडीवर नीट ठेवली. ती थांबली. इतकी वर्षं तिला कशासाठीही थांबताना त्यानं पाहिलं नव्हतं. शब्द शोधत ती कुठेतरी खाली गेली होती आणि सगळे वाट बघत होते.

‘सोय ला बेसीना,’ ताई म्हणाली. मी शेजारीण आहे.

बोर्डावरचा स्वच्छ, न घाईचा आवाज. बाईंचा चेहरा उजळला. डोंगरावर शेजारीण आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं, त्या म्हणाल्या. आणि हे गृहस्थ, एकटेच राहतात का? सी, हो, ताई म्हणाली. सोलो. मग ती पुन्हा थांबली, आणि त्याच्या पुस्तकातल्या चार वेगवेगळ्या धड्यांतले तुकडे एकमेकांना जोडत तिनं एक वाक्य केलं, ज्याचा अर्थ होता, भिंतीतून सकाळी मला त्याचा आवाज येतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मेंढपाळानं त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याला आधी सुटल्यासारखं वाटलं, अगदी हलकं, आणि लगेच मागोमाग असं वाटलं की तो भर बाजारात लहान होऊन उभा आहे आणि हातातला हात कुणीतरी सोडला आहे. व्हायोलिन लागलं. डोळे मिटायचे होते. त्यानं मिटले, पण त्या दिवशी त्याला डोंगर दिसला नाही.

परतताना दोघं चालत निघाली. दुकानांचे दिवे लागत होते. ताई नेहमीप्रमाणे दोन पावलं पुढे होती. मागूनच त्यानं विचारलं, बहीण हा शब्द तिला आठवला नव्हता का.

‘आठवत होता,’ ताई म्हणाली. ‘रोज ऐकत होते की, अर्थ तुझ्या पुस्तकात बघून ठेवायचे. पण नऊ महिने तू एवढं घर लावलंस, मी मध्येच कुठे पाय ठेवू?’

त्यानं फॉर्मचं सांगायला सुरुवात केली, ते मुद्दाम नव्हतं, तिच्यावर राग म्हणून तर नव्हतंच, शब्द एकमेकांवर पडायला लागले. ताईनं वाक्य पुरं केलं नाही. ते तसंच रस्त्यात पडू दिलं. मग चालता चालता, दूधवाल्याविषयी बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, ‘माझीपण आहे एक खोली.’

कुठे, असं त्यानं विचारलं. तू दहावीत होतास तेव्हा मला दुसऱ्या शहरातल्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये घेतलं होतं, ती म्हणाली. एकट्या बायकांसाठी खोल्या होत्या. एक दिवस जाऊन पाहून आले होते. तिसरा मजला, खिडकीला रुंद कट्टा, बसता येईल असा. कपाटाचं एक दार लागत नव्हतं, कागदाची घडी घालावी लागली असती. किल्लीसुद्धा हातात दिली होती त्यांनी, मी परत केली.

‘मग गेली नाहीस.’

‘जाते की,’ ताई म्हणाली. ‘बोर्डावर रात्री कॉल नसले की जायची. आता दुपारची जाते.’

तो दोन पावलं भरभर टाकून तिच्या बरोबरीला आला. तेहतीस वर्षं. तो शाळेतून येऊन तिच्या शेजारी बसायचा तेव्हासुद्धा ती मनानं तिसऱ्या मजल्यावर कट्ट्यावर बसलेली असायची का? त्याला राग आला. हा राग कुठल्या तोंडानं आला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं, पण आला खरा, आणि त्याच्या बुडाशी रडू होतं.

‘आणि मी?’ त्यानं विचारलं. ‘मी कुठे असतो तेव्हा?’

‘तू नाहीस.’

‘म्हणजे दुसरीकडे कुठे...’

‘नाही रे,’ ताई अगदी मायेनं म्हणाली. ‘तिथे तुझा जन्मच झालेला नाही. तिथे मी एकुलती एक आहे.’

समोरून माणसं येत होती, त्यांना वाट देण्यासाठी दोघं क्षणभर वेगळी झाली आणि पुन्हा जवळ आली. ताईचा चेहरा त्यानं नीट पाहिला. तो दुखावलेला नव्हता, दुखावणाराही नव्हता. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसाचा असतो तसा थोडा सैल, थोडा दमलेला होता. आपण हिला ओळखतो ते घरातल्या आवाजांवरून, कप ठेवल्याच्या, खुंटीच्या, बांगड्यांच्या, असं त्याला वाटलं, आणि एवढ्या जवळ राहून त्या खोलीचा एकही आवाज आपल्याला कधी आला नाही. घराच्या फाटकाशी त्यानं विचारलं, ‘ताई, मी एकदा येऊ का तिथे? नुसतं बघायला.’

ताईनं खरोखर विचार केला. फाटकाच्या कडीवर हात ठेवून ती उभी राहिली, आणि तो तिच्या वाक्याची वाट बघत राहिला.

‘नको,’ ती म्हणाली. ‘एवढी एक राहू दे मला.’

‘बरं,’ तो म्हणाला, आणि दोघं जिना चढायला लागली.